कसोटीचा कस

करोल बागेचा इतिहास हा मुख्यतः उठून आलेल्या माणसांचा इतिहास आहे. १९११ च्या दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याची घोषणा झाली. नव्या शहराच्या आखणीत माधोगंज, जयसिंगपुरा, राजाका बाजार अशा ज्या वस्त्या सापडल्या, तेथील लोकांना पुढे येथे आणून वसविण्यात आले. हकीम अजमल खाँ यांच्या तिब्बिया कॉलेजाची कोनशिला १९१६ मध्ये येथेच बसली आणि १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी ही वस्ती गजबजून टाकली. बंगालमधून आलेल्या सोनार-कारागिरांनी बिडनपुरा, रैगरपुरा या गल्ल्यांतून आपल्या भट्ट्या मांडल्या. आणि आम्हां मराठी वाचकांच्या दृष्टीने विशेष म्हणजे, सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव या पाऊस रुसलेल्या तालुक्यांतून देशभर पांगलेला गलाईवालाही चांदणी चौकाप्रमाणे येथे येऊन स्थिरावला. जुने दागिने वितळवावयाचे, त्यांतील तांबे-चांदी तेजाबात विरघळवून काढावयाची आणि शुद्ध सोने मालकाच्या हाती द्यावयाचे, हा त्याचा धंदा. बदलीच्या हुकुमाने दिल्लीस आलेला मराठी अधिकारी आणि दुष्काळाने आलेला हा गलाईवाला यांची गाठ पडलीच तर बहुधा गणेशोत्सवाच्या मांडवात पडते. एरवी दोघांच्या दिल्ली निराळ्या.

या गल्ल्यांत कोणत्याही पेढीवर एक काळा, गुळगुळीत, हाताच्या तळव्याएवढा दगड असतोच. त्यावर सोने घासले की एक रेघ उमटते. तिला आपण कस म्हणतो. शेजारी ठाऊक शुद्धतेच्या सोन्याची दुसरी रेघ ओढावयाची, दोहोंवर तेजाबाचा थेंब सोडावयाचा आणि कोणती रेघ टिकते, कोणती फिकी पडते ते पाहावयाचे. कसोटी हा शब्द आपण आज परीक्षेपासून क्रिकेटपर्यंत कोठेही वापरतो. पण तो मूळचा या दगडाचा. निर्भेळ माणसाला आपण बावनकशी म्हणतो, तेही याच दगडाच्या भाषेत. या भाषेचा आधार आम्ही घेत आहो तो एका अगदी निराळ्या वस्तूविषयी लिहिण्यासाठी. सराफी गल्ल्यांपासून जवळच, निर्वासितांसाठी वसविलेले आणि खान अब्दुल गफार खान यांचे नाव मिरविणारे गफार मार्केट आहे. परदेशी विजेच्या वस्तूंसाठी ते कित्येक दशके प्रसिद्ध आहे. तेथे किंवा नेहरू प्लेसच्या संगणक-बाजारात दोन वस्तू समोर ठेवून ‘या दोहोंत सरस कोणती?’ असे विचारले, तर दुकानदाराजवळ दगड नसतो. तो एक आकडा सांगतो. हा आकडा कोठून येतो, तो कोण काढतो आणि त्यावर विश्वास कितपत ठेवावा, या प्रश्नाचा सर्वांत बोधक इतिहास दोन ग्राफिक्स कार्डांच्या तुलनेत घडला. तो २००२ आणि २००३ या दोन वर्षांतला आहे.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकाच्या पोटातील एक स्वतंत्र पाटी. पडद्यावरचे चित्र रंगविणे एवढेच तिचे काम. ‘एवढेच’ हा शब्द मात्र जपून घ्यावा. पडद्यावर आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके धरले, तर एका चित्रात ७,८६,४३२ ठिपके होतात. हालचाल डोळ्यांस सलग वाटावी म्हणून सेकंदाला साठ चित्रे काढावयाची म्हटली, तर सेकंदास पावणेपाच कोटींच्या घरात ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. आणि प्रत्येक ठिपक्यासाठी प्रकाश कोठून येतो, पृष्ठभाग खडबडीत की तुकतुकीत, पाण्यात प्रतिबिंब पडते काय, याचे गणित निराळे. संगणकाचा मुख्य मेंदू हे काम एकट्याने करू शकत नाही. म्हणून त्याच्या हाताखाली ही रंगारी पाटी. तिच्या वेगावर कोट्यवधी तरुणांचे खेळ अवलंबून होते, आणि खेळांवर दोन मोठ्या कंपन्यांचे नशीब.

त्यांपैकी एनव्हिडिया ही कॅलिफोर्नियातील कंपनी १९९३ ची. १९९९ मध्ये जीफोर्स २५६ हे कार्ड काढून तिने बाजार जिंकला, आणि २००० च्या अखेरीस थ्रीडीएफएक्स या आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याची मालमत्ता विकत घेण्याचा करारही केला. दुसरी एटीआय, कॅनडातील, १९८५ मध्ये स्थापन झालेली. वयाने थोरली, पण शर्यतीत नेहमी पाऊलभर मागे. ऑगस्ट २००२ मध्ये हा क्रम उलटला. एटीआयने रेडिऑन ९७०० प्रो बाजारात आणले. त्याची अमेरिकेतील किंमत ३९९ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने जकात वगळून एकोणीस हजार रुपयांच्या आसपास. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स ९ या नव्या प्रमाणाप्रमाणे चित्र काढणारे ते पहिले कार्ड. ते प्रमाण अधिकृतपणे प्रसिद्ध होण्याआधीच ते दुकानांत पोचले होते. एनव्हिडियाचे उत्तर, जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा, नोव्हेंबर २००२ मध्ये जाहीर झाले आणि प्रत्यक्षात २००३ उजाडल्यावर हाती आले.

आता ही दोन कार्डे शेजारी ठेवून पाहू. सरकारी निविदेतील तुलनात्मक तक्ता ज्याने एकदा तरी भरला आहे, त्याचे बोट प्रथम घड्याळाच्या रकान्यावर जाईल. रेडिऑनच्या गाभ्याचे घड्याळ ३२५ मेगाहर्ट्झ, जीफोर्सचे ५००. स्मृतीचे परिणामी घड्याळ रेडिऑनचे ६२०, जीफोर्सचे १०००. ट्रान्झिस्टर रेडिऑनमध्ये सुमारे ११ कोटी, जीफोर्समध्ये १२.५ कोटी. रेडिऑन १५० नॅनोमीटरच्या जुन्या पद्धतीने घडविलेले, जीफोर्स १३० च्या नव्या. चारही रकान्यांत जीफोर्स वरचढ. हा तक्ता घेऊन फाईल वर पाठविली असती, तर टिपणी लिहिण्यासही फार वेळ लागला नसता.

परंतु तक्त्यात आणखी एक रकाना हवा होता. स्मृतीतून गाभ्याकडे जाणारी वाट रेडिऑनमध्ये २५६ बिटांची, जीफोर्समध्ये १२८ बिटांची. अजमल खाँ रोडवरून सावकाश जाणाऱ्या माणसांची संख्या बिडनपुऱ्याच्या बोळातून धावत जाणाऱ्या माणसांपेक्षा अधिकच भरते. हिशेब करून पाहिला तर रेडिऑनमधून सेकंदाला सुमारे १९.८ गिगाबाइट माहिती वाहत होती, जीफोर्समधून १६. चित्राच्या कडा गुळगुळीत करण्याचे काम सांगितले की हा फरक उघडा पडे. शिवाय वाढलेल्या घड्याळाने जीफोर्स एवढे तापे, की त्यावर झोत मारणारा एक पंखा बसवावा लागला. त्याच्या घरघरीस लोक हातातल्या धूळझाडणी यंत्राची उपमा देऊ लागले. एनव्हिडियाच्याच माणसांनी पुढे या पंख्याची थट्टा करणारी एक चित्रफीत काढली. पराभवातही विनोदबुद्धी शाबूत राहिली, याचे आम्हांस कौतुक वाटते.

याहून सूक्ष्म प्रश्न अचूकतेचा होता, आणि खरी मेख तेथेच आहे. रंगाचे गणित करताना प्रत्येक संख्या किती बिटांत मांडावयाची? रेडिऑन सरसकट २४ बिटांत मांडी. जीफोर्समध्ये दोन मार्ग होते : १६ बिटांचा जलद मार्ग आणि ३२ बिटांचा अचूक पण संथ मार्ग. डायरेक्टएक्स ९ ची किमान अपेक्षा २४ ची होती. कार्यक्रम लिहिणाराने स्वतः मुभा दिली तरच १६ चालत. म्हणजे प्रमाणाबरहुकूम वागावयाचे तर जीफोर्सला ३२ च्या वाटेने जाणे भाग, आणि त्या वाटेने ते मागे पडे. डूम या खेळाचे कर्ते जॉन कारमॅक यांनी जानेवारी २००३ मध्ये आपल्या कामाच्या टिपणांत हे लिहून ठेवले : जीफोर्ससाठी खास लिहिलेल्या मार्गाने ते बहुधा रेडिऑनच्या किंचित पुढे जाते, पण सर्वांसाठी असलेल्या सामायिक मार्गाने त्याचा वेग सुमारे निम्म्यावर येतो. एकच कार्ड, एकच खेळ, आणि उत्तरे दोन. दोन्ही खरी.

या घोळातून वाट काढण्यासाठीच कसोट्या निर्माण झाल्या होत्या. फिनलंडमधील फ्यूचरमार्क कंपनीची थ्रीडीमार्क ही त्यांतील सर्वांत मान्य. ठराविक दृश्ये संगणकावर पळवावयाची आणि शेवटी गुणांचा एक आकडा पडद्यावर दाखवावयाचा, अशी तिची रीत. तिची नवी आवृत्ती, थ्रीडीमार्क ०३, फेब्रुवारी २००३ मध्ये आली आणि तिने डायरेक्टएक्स ९ ला मोठे स्थान दिले. या कसोटीच्या घडणीत कार्डे बनविणाऱ्या कंपन्याच शुल्क भरून सभासद असत. ज्यांच्या सोन्याचा कस लावावयाचा त्यांच्याच वर्गणीतून दगड विकत आणावयाचा, असा हा प्रकार. आणि एनव्हिडियाने डिसेंबर २००२ मध्ये हे सभासदत्व सोडले होते. नवी कसोटी खऱ्या खेळांचे प्रतिनिधित्व करीत नाही, हा तिचा आक्षेप. तो अगदीच निराधार होता असे आम्हांस वाटत नाही. मात्र आक्षेप घेऊन ती थांबली नाही.

मे २००३ च्या मध्यास काही परीक्षकांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. थ्रीडीमार्कमधील दृश्ये ठरलेल्या वाटेने सरकतात. पाहणाऱ्याचा डोळा म्हणजे कॅमेरा, त्याची वाट आधीच निश्चित. सभासदांना दिलेल्या आवृत्तीत मात्र हा कॅमेरा मोकळा सोडता येई. परीक्षकांनी तो ठरल्या वाटेवरून बाजूला नेला, तो काय, जीफोर्सने काढलेल्या चित्रात आकाशाचे तुकडे गळालेले, पार्श्वभूमीवर आधीच्या चित्रांचे डाग उरलेले! नाटकाच्या पडद्यामागे भिंतच नसावी तसे. प्रेक्षक अमुकच जागी बसणार हे ठाऊक असल्यामुळे कार्डाच्या ड्रायव्हरने, म्हणजे त्याला चालविणाऱ्या आज्ञावलीने, जे दिसणार नाही ते रंगविणेच सोडून दिले होते.

फ्यूचरमार्कने स्वतः तपास केला आणि २३ मे २००३ रोजी अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निघाले ते असे : एनव्हिडियाचा ड्रायव्हर थ्रीडीमार्क चालू आहे हे ओळखतो. ओळख पटली की काही ठिकाणी पडदा पुसण्याची आज्ञा टाळतो, काही ठिकाणी ठरीव कक्षेबाहेरचा भाग कापून टाकतो, आणि काही आज्ञा काढून त्यांच्या जागी आपल्या सोयीच्या घालतो. फ्यूचरमार्कने ही ओळख पटू नये अशी दुरुस्ती केली. तेव्हा मे महिन्यातच बाहेर पडलेल्या जीफोर्स एफएक्स ५९०० अल्ट्रा या नव्या भावंडाच्या गुणांत कंपनीने जाहीर केल्याप्रमाणे २४.१ टक्क्यांपर्यंतचा फरक पडला. प्रतिस्पर्धी रेडिऑन ९८०० प्रोच्या एकूण गुणांत १.९ टक्के फरक निघाला. मात्र निसर्गदृश्याच्या चौथ्या चाचणीत त्याचा वेगही ८.२ टक्के उतरला. म्हणजे त्या घरीही मातीच्याच चुली होत्या. एटीआयने आज्ञांचा क्रम बदलल्याचे मान्य केले. चित्रात फरक पडत नाही असे सांगितले आणि पुढच्या आवृत्तीत तेही काढून टाकण्याचे वचन दिले. एनव्हिडियाचे म्हणणे असे, की आम्ही सभासद नसल्याने कसोटी घडविताना आमच्याशी कोणी विचारविनिमय केला नाही, आणि आमचा माल वाईट दिसावा अशीच ही दृश्ये रचलेली आहेत.

येथे आम्ही वाचकांस दोन हजार वर्षे मागे नेऊ इच्छितो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचा तेरावा अध्याय सुवर्णाध्यक्षाच्या कामाविषयी आहे. हा ग्रंथ म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ मध्ये प्रथम छापून प्रसिद्ध केला, आणि त्याची चिकित्सित आवृत्ती प्रा. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठातर्फे १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केली, याचा मराठी वाचकास अभिमान वाटणे साहजिक आहे. सुवर्णाध्यक्ष हा आपल्यासारखाच सरकारी अधिकारी. त्याने अक्षशाला बांधावी, तिला एकच दार असावे, येणाऱ्या-जाणाऱ्या कामगाराची झडती घ्यावी, असे नियम तेथे आहेत. मग कसोटीच्या दगडाचा विषय येतो. मुगाच्या रंगाचा कलिंगातील किंवा तापीतील दगड श्रेष्ठ, असे कौटिल्य सांगतो. (जळगावचे सोने वाखाणणाऱ्या आमच्या खानदेशी मित्रांनी हे जरूर टिपून ठेवावे.)

त्यापुढचे मात्र अधिक महत्त्वाचे. काही दगड सोन्याचा रंग खुलवून दाखवितात. ते विकणाऱ्याच्या हिताचे. काही कठीण, खरखरीत असतात, रंगाला साथ देत नाहीत. ते विकत घेणाऱ्याच्या हिताचे. म्हणजे दगडालाही पक्ष असतो, हे त्या काळी ठाऊक होते. आणि त्याच अध्यायात कसोटीवरील लबाड्याही सांगितल्या आहेत : रेघ पुसून घेणे, दगडाच्या उंचसखल जागेवर घासणे, आणि नखाच्या आत गेरूची पूड दडवून ती हळूच रेघेवर सोडणे. अशा रेघेला फसवणूक समजावे, असा निर्णय आहे.

नखातला गेरू आणि ड्रायव्हरमधील ओळखीची खूण यांत तत्त्वतः आम्हांस काहीच अंतर दिसत नाही. दोन्ही ठिकाणी सोने बदललेले नसते. बदललेली असते ती रेघ, आणि तीही फक्त त्या दगडावर. फरक असलाच तर तो अधिकाऱ्याच्या वागण्यात आहे. सुवर्णाध्यक्षास राजाचे पाठबळ होते. फ्यूचरमार्कपाशी काय होते? जूनच्या आरंभी, अहवालास पुरते दोन आठवडेही झाले नव्हते तोच, फ्यूचरमार्क आणि एनव्हिडिया यांचे संयुक्त निवेदन निघाले. परिस्थितीचे आपणांस आता अधिक सखोल आकलन झाले आहे. जे घडले ती लबाडी नसून विशिष्ट कार्यक्रमासाठी केलेली सुधारणा होय, अशा आशयाचे ते होते. ज्या अधिकाऱ्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःची टिपणी ‘पुनर्विचारान्ती’ या शब्दाने बदलली असेल, त्यास या निवेदनाची भाषा परकी वाटणार नाही. छोट्या परीक्षकाने मोठ्या कारखानदाराशी न्यायालयात झुंजणे परवडणारे नव्हते, हे आम्हांस कळते. तरीही तपासात सापडलेल्या गोष्टी निवेदनाने नाहीशा झाल्या नाहीत. त्यांचे नाव तेवढे बदलले. फ्यूचरमार्कने पुढे त्याच वर्षी कोणते ड्रायव्हर ग्राह्य याचे नियम व यादी केली, म्हणजे कामाला ती लागलीच. शब्द तेवढा गिळला.

एटीआयची बाजू आम्ही उजळ करून दाखवितो आहो असे कोणास वाटू नये. ऑक्टोबर २००१ मध्ये, रेडिऑन ८५०० च्या वेळी, हेच त्या घरी घडले होते. क्वेक ३ हा खेळ तेव्हा वेग मोजण्याचे सर्वमान्य साधन होता. हार्ड-ओसीपी या परीक्षकांनी त्या खेळाच्या फाईलचे नाव ‘क्वेक’ऐवजी ‘क्वॅक’ असे केले, आणि एका अक्षराच्या फरकाने कार्डाचा वेग सुमारे १५ टक्के खाली आला! ड्रायव्हर नाव वाचून चित्राचा पोत हलका करीत होता. पुढच्या ड्रायव्हरमध्ये एटीआयने ही क्लृप्ती काढली, आणि वेग तरीही राखला. म्हणजे लबाडीची गरजच नव्हती. पण गरज नसता केलेल्या लबाड्या सरकारी दफ्तरांतही कमी सापडत नाहीत.

मग खरी तुलना कशी करावी? सोनार जाणतो की दगड शंका दाखवितो, निकाल अग्नी देतो. सोन्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून ते तेजाबात टाकावयाचे, हीण विरघळून जाते आणि उरेल त्याचे वजन करावयाचे, हे गलाईवाल्याचे रोजचे काम आहे; प्रयोगशाळेतील अग्निपरीक्षाही याच तत्त्वाची. भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी हॉलमार्क २००० मध्ये सुरू केला आणि १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा केला. हॉलमार्क केंद्रांत आता क्ष-किरणांचे यंत्रही असते. ते क्षणात आकडा देते. पण त्याची नजर पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरापलीकडे जात नाही. आत काय आहे ते पाहावयाचे तर दागिन्याचा कण खरवडून आगीत घालावाच लागतो. ग्राफिक्स कार्डांची अग्निपरीक्षा म्हणजे खरा, नवा, कोणी आधी न पाहिलेला खेळ. ती सप्टेंबर २००३ मध्ये झाली असे म्हणतात. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या अल्काट्राझ या जुन्या तुरुंगाच्या बेटावर एटीआयने समारंभ भरविला. तेथे व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूवेल यांनी आपल्या हाफ-लाइफ २ या आगामी खेळाचे आकडे सांगितले. पूर्ण डायरेक्टएक्स ९ च्या मार्गाने रेडिऑन ९८०० प्रो हे जीफोर्स ५९०० अल्ट्राच्या जवळपास दुप्पट चालत होते; जीफोर्ससाठी खास मार्ग लिहिण्यास पाचपट वेळ खर्चूनही अंतर पुरते भरून आले नव्हते.

हा निकाल निर्णायक मानला गेला, आणि पुढच्या खेळांनी त्याचा बराचसा भाग खराही ठरविला. परंतु आग पेटविली कोणाच्या अंगणात, तेही नोंदविले पाहिजे. समारंभ एटीआयचा होता. त्याच खेळाची हमीपत्रे पुढे एटीआयच्या रेडिऑन ९८०० एक्सटी कार्डाबरोबर गिऱ्हाइकांस वाटली गेली. आणि खेळ मात्र नोव्हेंबर २००४ पर्यंत बाहेर पडला नाही. ज्याने वर्षभर हातातील वस्तूवर नसलेल्या खेळाच्या भरवशाने कार्ड घेतले, त्याची तुलना भविष्यकाळाशी झाली. आमचे मत विचाराल तर रेडिऑन हे त्या पिढीतील सरस कार्ड होते. पण ते सरस होते हे सिद्ध करणाऱ्यांपैकी पूर्ण तटस्थ असा साक्षीदार शोधू गेल्यास हाती फारसे कोणी लागत नाही.

इतक्या जुन्या खेळण्यांच्या भांडणाची कथा आता का सांगावी, असा प्रश्न एखाद्या अनुभवी वाचकाच्या मनात आला असेल. ती पाटी आता खेळण्याची राहिलेली नाही, हे त्याचे उत्तर. ठिपके रंगविताना लागणारे गणित आणि यंत्राला शिकविताना लागणारे गणित एकाच जातीचे निघाले. पुण्याच्या सी-डॅकमध्ये परम सिद्धि-एआय हा महासंगणक एनव्हिडियाच्याच प्रक्रियकांवर उभा राहिला आणि नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत त्रेसष्टावा आला. ही यादी १९९३ पासून लिनपॅक नावाच्या एकाच कसोटीवर लागते. तिचे जनक जॅक डोंगारा यांनीच पुढे दुसरी, अधिक कठोर कसोटी सुचविली, कारण पहिलीवर चमकणारी यंत्रे प्रत्यक्ष कामाला लावली की मोठमोठ्या आकड्यांचा थोडासाच अंश हाती लागे. कौटिल्याच्या शब्दांत सांगावयाचे तर त्यांनी विकणाऱ्याच्या दगडाशेजारी घेणाऱ्याचा दगड ठेवला.

आणि मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इंडिया एआय मोहिमेस सुमारे १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. तीत दहा हजारांहून अधिक ग्राफिक्स प्रक्रियकांची सोय करण्याचा संकल्प होता. म्हणजे ‘या दोहोंत सरस कोणते?’ हा गफार मार्केटातील प्रश्न दिल्लीच्या मंत्रालयांतील फायलींवर येऊन बसला. तुलनात्मक तक्ता तोच. रकाने कोणी आखले आणि वेगाचे आकडे कोणत्या दगडावर काढले, हे विचारणारा सुवर्णाध्यक्ष त्या मेजाशी असणे एवढेच अगत्याचे. आमच्या वाचकांपैकी कोणाच्या हाती असा तक्ता येणारच नाही, असे सांगवत नाही. आला तर मोठ्या घड्याळाच्या रकान्याआधी अचूकतेचा रकाना पाहावा. आता तेथे १६ बिटांच्याही खाली, ८ आणि ४ बिटांचे मार्ग आले आहेत, आणि जाहिरातीतील सर्वांत मोठा आकडा बहुधा सर्वांत कमी बिटांचा असतो.

त्या दोन कार्डांचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख पुरा करतो. जीफोर्स ५८०० काही महिन्यांतच बाजूस सारले गेले. एप्रिल २००४ मध्ये एनव्हिडियाने ६८०० काढून आपले स्थान परत मिळविले. एटीआयला २००६ मध्ये एएमडीने सुमारे ५.४ अब्ज डॉलरना विकत घेतले. रेडिऑन हे नाव तेवढे उरले. फ्यूचरमार्क २०१४ मध्ये यूएल या अमेरिकेतील जुन्या सुरक्षापरीक्षक संस्थेच्या मालकीची झाली. कार्डे स्वतः बहुतेक भंगारात गेली. दिल्लीतील अशा भंगाराचा मोठा ओघ यमुनेपलीकडे सीलमपूरला जातो. आपल्याकडे सोनाराच्या दुकानातील केर विकत घेऊन, तो धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणाऱ्यास झारेकरी म्हणतात. सीलमपूरचा कामगार हा या नव्या काळाचा झारेकरी, फक्त त्याच्या छातीत जाणारा धूर अधिक विषारी. दोन्ही कार्डे एकाच मापाच्या खाचेत बसत, आणि खाचेत शिरणाऱ्या त्यांच्या कडेवर सोन्याचा पातळ मुलामा असे. तो तेजाबात सोडवून घेताना हे रेडिऑन की ते जीफोर्स, असे तेथे कोणी विचारीत नाही. सारे एकाच बादलीत पडते, आणि तळाशी जे साठते त्याचा कस पुन्हा काळ्या दगडावरच पाहिला जातो.